पेटीचा कोपरा बघायला विसरू नका

कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून, दिवा-वसई मार्गाने, कंटेनरची मालगाडी जाताना डोंबिवलीकरांनी पाहिलेली असते. तशीच एखादी पेटी जहाजातून उतरून रेल्वेच्या वॅगनवर किंवा थेट ट्रेलरवर चढते आणि भिवंडीच्या गोदामाशी पोचते. साधन बदलतं, पेटी तीच राहते. आतला माल प्रत्येक वेळी उतरवावा लागत नाही. या धंद्याचा सगळा जीव एवढ्या एका गोष्टीत आहे.

याच कल्पनेवर 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रक व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ जहाजातून 58 पेट्या ह्यूस्टनकडे धाडल्या. अशा पेट्या हाताळणारं आपलं न्हावा-शेवा बंदर 1989मध्ये सुरू झालं.

मालवाहतुकीची प्रदर्शनं गोरेगावच्या नेस्को संकुलात भरतात. गेलात तर मोठ्या यंत्रांआधी पेटीचा कोपरा बघा. तिथे भोकं असलेला पोलादी ठोकळा असतो. ट्रेलरवरचा ट्विस्ट लॉक त्यात शिरून पाव फेरा फिरला की पेटी जखडली! दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून लिहिताना झालेली चूक बहुधा लगेच सापडते.

शिळफाट्यावर ट्रेलरांच्या रांगेमागे ताटकळणाऱ्या आपल्यासारख्यांनी प्रदर्शनातल्या स्टॉलवर एक प्रश्न जरूर विचारावा: यातल्या किती पेट्या रस्त्याऐवजी रुळांवरून नेता येतील?