इंग्रजीतील संमतिदर्शक शब्दांचे स्पॅनिश भाषांतर : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
संमती दर्शविणारे शब्द नित्याच्या वापरातील असल्यामुळे भाषांतरात त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः अर्थाचा घोटाळा अशाच शब्दांत अधिक होतो. प्रस्तुत लेखात अशा काही इंग्रजी शब्दांच्या स्पॅनिश पर्यायांचा विचार केला आहे.

रचनेतील भेद :
‘अ‍ॅग्री’ हे इंग्रजीत क्रियापद आहे. स्पॅनिशमध्ये मात्र ‘एस्तोय दे आकुएर्दो’ अशी रचना होते. ‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे त्या भाषेत असून, सहमती ही स्थिती असल्याने येथे ‘एस्तार’च योजावे लागते. मराठीतील ‘मी सहमत आहे’ ही रचना तिला इंग्रजीपेक्षा जवळची आहे. ‘यू आर राइट’ यासाठी मात्र ‘जवळ असणे’ या अर्थाचे ‘तेनेर’ हे क्रियापद येते व ‘त्येनेस रासोन’ असे म्हटले जाते. येथे शब्दशः ‘एरेस कोरेक्तो’ म्हटल्यास व्यक्तीच्या सभ्य वर्तनाचा अर्थ सूचित होतो.

‘मी टू’ याचेही दोन पर्याय संभवतात. सामान्यतः ‘यो ताम्ब्येन’ चालते. परंतु आवड सांगणाऱ्या ‘मे गुस्ता’ या विधानाला दुजोरा देताना ‘आ मी ताम्ब्येन’ म्हणावे लागते. ‘मीही’ आणि ‘मलाही’ यांतील भेद जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास हे सहज उमगते. नकारात्मक विधानास दुजोरा देताना ‘ताम्ब्येन’ऐवजी ‘ताम्पोको’ येते.

‘ओके’चा प्रश्न :
इ.स. १८३९ मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्रात छापला गेलेला ‘ओके’ हा शब्द आज जगभर पोहोचला आहे. त्यासाठी स्पेनमध्ये ‘बाले’, अर्जेंटिनात ‘दाले’, कोलंबियात ‘लिस्तो’, तर मेक्सिकोत ‘ओराले’ असे बोलीतील पर्याय आढळतात. ‘दे आकुएर्दो’ मात्र सर्वत्र समजते.

परंतु खरी अडचण प्रदेशभेदाची नाही. मराठीतील ‘बरं’प्रमाणेच ‘ओके’ म्हणजे कधी ‘ऐकले’, तर कधी ‘मान्य आहे’. रुग्णालयात शस्त्रक्रियेची माहिती ऐकताना रुग्णाने उच्चारलेल्या ‘ओके’चे भाषांतर ‘एंत्येन्दो’ (मला समजते) करावे की ‘एस्तोय दे आकुएर्दो’, यावर त्याची संमती गृहीत धरली जाणे अवलंबून असते. न्यायालयातील जबाबाबाबतही हेच घडते.

निष्कर्ष :
संमतिदर्शक शब्दाचे भाषांतर करताना शब्दकोशातील पर्यायापूर्वी वक्त्याचा हेतू निश्चित करणे आवश्यक ठरते. हेतू संदिग्ध असल्यास दुभाष्याने स्वतः निर्णय न घेता वक्त्याकडूनच खुलासा मागावा, हेच उचित होय.