युवककार्यकर्त्याचे शिक्षण व तांड्यातील तरुण

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून रामनवमीस मोठी यात्रा भरते. या संतास त्यांचा समाज ‘सेवाभाया’, म्हणजे सेवा हा आपला भाऊ, असे संबोधितो. मार्गदर्शकास नात्याने ओळखणाऱ्या अशा समाजातील तरुणांपुढे जो कार्यकर्ता पदाच्या नावाने उभा राहतो, त्याला कोणते शिक्षण द्यावे, हा येथे प्रश्न आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण घेऊ. 1969 साली 37 विद्यापीठांतून सुरू झालेल्या या योजनेत कार्यक्रमाधिकारी हा महाविद्यालयातीलच अध्यापक असतो. साधारणतः शंभर स्वयंसेवकांचे एक पथक, दोन वर्षांत 240 तासांचे काम व सात दिवसांचे विशेष शिबिर असा तिचा साचा आहे. योजनेच्या नियमपुस्तिकेत कार्यक्रमाधिकाऱ्याच्या संघटक, शिक्षक, समन्वयक, पर्यवेक्षक, प्रशासक व जनसंपर्कक अशा सहा भूमिका सांगितल्या आहेत. तथापि हिशेब व अहवाल तपासता येतात, विश्वास तपासता येत नाही. त्यामुळे प्रशासकाची भूमिका इतर पाचांना झाकून टाकते.

अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील सर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने तरुणांच्या विकासास पोषक अशा संबंधांची पाच अंगे मानली आहेत : आस्था दाखविणे, प्रगतीचे आव्हान देणे, आधार पुरविणे, अधिकारात वाटा देणे व संधींचे क्षितिज रुंदावणे. पैकी चौथे अंग आपल्याकडे सर्वांत अवघड. हजेरी ज्याच्या हाती, त्याने शिबिराचे काम ठरविण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना देणे सोपे नव्हे.

तांड्यात याखेरीज आणखी एक अडचण येते. बंजारा बोलीत स्वकीय तो ‘गोर’ आणि परका तो ‘कोर’; बाहेरून आलेला कार्यकर्ता आरंभी कोरच असतो. नायक व कारभारी यांच्या संमतीवाचून दार उघडत नाही हे खरे. परंतु तो नायकाच्या ओसरीवरच बसून राहिला, तर तरुण त्याला वडीलधाऱ्यांचा पाहुणा समजतात आणि मनातले बोलत नाहीत. शिवाय ऊसतोडीस गेलेली कुटुंबे गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. हिवाळी शिबिरात त्या घरांतील तरुण भेटणारच कसे? म्हणून प्रशिक्षणार्थ्यास शिबिराच्या कितीतरी आधी, कोणताही कार्यक्रम हाती न देता, तांड्यावर एक-दोन दिवस केवळ ऐकण्यासाठी पाठविणे हे व्याख्यानापेक्षा अधिक उपयुक्त ठरेल.

जवळीक साधण्याबरोबर तिची मर्यादाही शिकविली पाहिजे. समजा, एखादी अल्पवयीन मुलगी विश्वासाने सांगते की तिचे लग्न ठरले आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कार्यकर्त्याने मुळीच देऊ नये. 2006 च्या कायद्याने बालविवाहास प्रतिबंध आहे. आणि लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना देणे 2012 च्या कायद्याने प्रत्येकास बंधनकारक आहे. ती बोलू लागण्यापूर्वीच हे तिला सौम्य शब्दांत सांगावे. 1098 हा क्रमांक द्यावा. आणि पुढील प्रत्येक पाऊल उचलण्याआधी ते तिला कळवावे. हे संभाषण प्रशिक्षणवर्गात प्रत्यक्ष बोलून, चुकून, पुन्हा बोलून शिकावयाचे असते.