बालकांवरील अनावश्यक प्रतिजैविके आणि श्वासगणना : गडचिरोलीतील प्रयोगाच्या संदर्भात

लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला बहुतांशी विषाणूंमुळे होतो. प्रतिजैविके जीवाणूंवर कार्य करतात. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. तरीही पावसाळ्यात ती सर्रास दिली जातात. त्यातून मुलास जुलाब होतात, अंगावर पुरळ उठते आणि पुढे जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मात्र सरसकट नकार देणेही धोक्याचे आहे, कारण खोकणाऱ्या अनेक मुलांमध्ये एखाद्यास न्यूमोनिया असतो. तो ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न होय.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने या प्रश्नावर काम केले. गावातील आरोग्यसेवक व दाया यांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण दिले गेले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. निरक्षर दायांसाठी मण्यांचा श्वासमापक तयार करण्यात आला. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ उलटे करायचे व दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा.

मृत्यू रोखणारा प्रयोग म्हणून त्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली, असे वाटते. ज्याचा लाल मणी सरकला नाही, त्या मुलास केवळ खोकल्यासाठी प्रतिजैविक देण्याचे कारण उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मिनिटाला २ ते १२ महिन्यांच्या बालकात ५० व १ ते ५ वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक श्वास ही जलद गती होय. मूल शांत असतानाच मोजणी करावी. हा निकष निर्दोष नव्हे. दम्याच्या घरघरीतही श्वास जलद होतो. छाती आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल वा दोन महिन्यांहून लहान बालकाचा श्वास जलद असेल, तर मोजत न बसता रुग्णालय गाठावे.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’मुळे काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध विक्रेत्यास ठेवावी लागते. हा निर्बंध दुकानावर आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या निर्णयावर नाही. (त्याच्याकडे घड्याळ असते, मिनिट मात्र नसते!) रोजंदारी बुडवून आलेल्या पालकांनाही रिकाम्या हाती परतणे पटत नाही. भिवंडी तालुक्यातील अकलोलीसारख्या गावात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरल्यास विद्यार्थी मातांना मुलाचा सदरा वर करून मिनिटभर श्वास मोजण्यास शिकवू शकतील.