सदतीस पावलं पुढे, एक पाऊल वर

जमिनीवर एक जुना वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि त्यावर पट्टीने 37 सेंटीमीटर लांबीची आडवी रेघ ओढा. उजव्या टोकाच्या बरोबर वर, 1 सेंटीमीटर अंतरावर, एक ठिपका द्या. आता डावं टोक आणि तो ठिपका जोडा. झालं? दोन रेघांमधली फट जेमतेम दिसते ना?

आमच्या वर्गात ही आकृती काढली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा कसला चढ? यावरून तर गोटीपण घरंगळायची नाही!" मग आम्ही 37 सेंटीमीटर लांबीची एक गुळगुळीत फळी घेतली, तिच्या एका टोकाखाली 1 सेंटीमीटर जाडीची वही सरकवली आणि वरच्या टोकाला गोटी ठेवली. गोटी क्षणभर थबकली आणि निघाली की! फळीवरून उतरून थेट दाराबाहेर गेली.

ही फळी म्हणजे आपला बोरघाट. मुंबईहून पुण्याला जाताना आगगाडी जो घाट चढते, त्यातला सगळ्यात खडा भाग 37 ला 1 असा आहे. म्हणजे 37 मीटर पुढे जावं तेव्हा गाडी 1 मीटर वर येते. 'पुढे किती' आणि 'वर किती' हे दोनच प्रश्न विचारायचे आणि वरच्या आकड्याला पुढच्या आकड्याने भागायचं. जे उत्तर येईल तो त्या रेषेचा चढ. दहावीच्या भूमितीतही याला 'रेषेचा चढ' असंच म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. आपले पाय जे रोज ओळखतात, तेच नाव गणिताने ठेवून घेतलं आहे.

तर मग पायांपासूनच सुरुवात करू.

शाळेचा जिना मोजायला आम्ही पट्ट्या घेऊन निघालो. एका पायरीची उंची भरली 16 सेंटीमीटर, आणि पाय ठेवायची जागा 28. 16 भागिले 28, म्हणजे साधारण 0.57. दुसरी पायरी तेवढीच, तिसरीही तेवढीच. मग एका मुलीने विचारलं, "एक पायरी मोजली काय आणि दहा मोजल्या काय, उत्तर तेच येणार का?" दहा पायऱ्यांची उंची 160, लांबी 280. भागाकार पुन्हा 0.57! तुकडा कितीही लहान घ्या नाहीतर मोठा घ्या, सरळ रेषेचा चढ बदलत नाही. पायांना हे ठाऊक असतं, म्हणून तर आपण खाली न बघता जिना चढतो. आणि एखादी पायरी दोन सेंटीमीटर जरी उंच बांधली गेली, तरी सगळे नेमके तिथेच ठेचकाळतात.

पण खरी मजा आली ती दोरीच्या प्रयोगात. पहिल्या मजल्याच्या कठड्याला, जमिनीपासून 3 मीटर उंचीवर, कपडे वाळत घालायची दोरी बांधली. तिचं दुसरं टोक मैदानात, भिंतीपासून 6 मीटर दूर, एका खुंटीला. वर 3, पुढे 6, म्हणजे चढ बरोबर अर्धा. आता कुठेही मोजलं तरी दर 30 सेंटीमीटरला दोरी 15 सेंटीमीटर वर गेलेली दिसायला हवी. मुलांनी ओळंबा सोडून दोरीची जमिनीपासूनची उंची मोजली, 30 सेंटीमीटर पुढे सरकून पुन्हा मोजली. खुंटीजवळ फरक आला 11. कठड्याजवळ आला 19. वर्गात एकच गलका! "तू चुकलास," "नाही, तूच चुकलीस," असं बराच वेळ चाललं.

चुकलं कोणीच नव्हतं. एका मुलाने बाजूला जाऊन, एक डोळा मिटून दोरीकडे पाहिलं आणि तो ओरडला, "अरे, झोळ आलाय!" दोरी स्वतःच्या वजनाने मध्ये सुमारे 20 सेंटीमीटर खाली आली होती. म्हणजे ती सरळ रेषा नव्हतीच. खाली तिचा चढ हलका, वर खडा. मग दोघांनी मिळून दोरी कचकन ताणून बांधली. पुन्हा मोजलं, तर दोन्हीकडे जवळजवळ 15. ती सरळ आहे की नाही, हे डोळ्यांच्या आधी आकड्यांनी सांगितलं होतं. इतकी वर्षं शिकवतो आहे, तरी त्या दिवशी मी दोरीकडे बराच वेळ बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गवंडीकाका आले. स्वच्छतागृहात नवीन लाद्या बसवायचं काम चाललं होतं, तिथूनच त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी आणली होती. नळीचं एक टोक फळ्यापाशी धरलं, दुसरं खिडकीपाशी. दोन्हीकडे पाणी जिथे थांबलं तिथे पेन्सिलने खुणा केल्या. त्या दोन खुणांमधून जाणाऱ्या रेषेचा चढ शून्य! मधे बाकं असोत, खांब असो, पाणी फसत नाही. "पण लादी अशी शून्यात बसवली तर पाणी तुंबेल," काका म्हणाले. "मोरीकडे ढाळ द्यावा लागतो. मीटरला एक सेंटीमीटर." म्हणजे 100 ला 1. डोळ्यांना अजिबात दिसत नाही, पाण्याला मात्र लगेच कळतं.

चित्रांचा खेळ तुम्ही घरी नक्की करा. दोघं जण पाठीला पाठ लावून बसा, दोघांकडे आलेखाचा कागद. एकाने सरळ रेघांचं घर काढायचं आणि दुसऱ्याला नुसत्या आकड्यांत सांगायचं: अमुक ठिपक्यापासून सुरू कर, चढ 1, उजवीकडे 4 घरं जा. छप्पर मध्यापर्यंत चढतं, पुढे उतरतं. उतरताना 'वर किती'च्या जागी 'खाली किती' येतं, म्हणून चढ उणे. कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर काढलं तर चढ चांगला मोठा येतो, कारण धो धो पाऊस झरझर ओघळून जायला हवा. देशावर, जिथे पाऊस कमी, तिथल्या जुन्या धाब्याच्या घराचं छप्पर जवळपास आडवंच निघतं. जमीन आडवी, चढ शून्य.

सगळं छान चालतं, आणि मग भिंत येते. उभी भिंत. वर 5 घरं, पुढे किती? शून्य. 5 भागिले शून्य! इथे प्रत्येक जोडी अडते. कोणी म्हणतं चढ 5, कोणी म्हणतं खूप खूप मोठा. पण शून्याने भागताच येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही. तिथे सरळ "उभी रेघ, 5 घरं" असंच सांगायचं.

आता पुन्हा घाटात चला. 37 ला 1 हा चढ माणसाला कळतही नाही, मग आगगाडीला त्याचा एवढा धाक का? कारण लोखंडी चाक लोखंडी रुळाला फार घट्ट धरत नाही, आणि मागे शेकडो टन वजन ओढायचं असतं. म्हणून बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, बँकर ढकलतात. माथेरानची छोटी गाडी 1907 साली सुरू झाली. तिचा सर्वांत खडा चढ 20 ला 1. आणि उटीला जाणाऱ्या निलगिरीच्या गाडीचा? सुमारे 12 ला 1. तिथे नुसत्या रुळांनी भागत नाही, मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर जातं.

12 ला 1 हा आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो ना? तुमच्या शाळेच्या दारात व्हीलचेअरसाठी उतरंड असेल तर ती मोजून बघा. ती 12 ला 1 पेक्षा खडी असू नये असा नियम आहे. आमच्या शाळेची उतरंड मुलांनी मोजली तर 8 ला 1 निघाली! म्हणजे आगगाडीला जिथे दाते लावावे लागतात, त्याहून खड्या चढावर आम्ही आमच्याच एका मित्राला हातांच्या जोरावर चढायला लावत होतो. मुलांनी आकृती काढून मुख्याध्यापकांना दिली. उंची 40 सेंटीमीटर, तर लांबी निदान 4 मीटर 80 हवी. नवीन उतरंड बांधून झाली, तेव्हा सगळ्यांत आधी तोच मित्र पट्टी घेऊन ती मोजायला गेला.

हेच गणित बोरघाटात केवढं मोठं झालं ते बघा. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत रुळांना सुमारे 558 मीटर वर न्यायचं होतं. चढ 37 ला 1 च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मग 558 गुणिले 37, म्हणजे 20 किलोमीटरहून जास्त लांब वाट हवीच हवी. जेम्स बर्कली या अभियंत्याने आखलेली वाट भरली सुमारे साडेपंचवीस किलोमीटर. ती डोंगराच्या कडेकडेने वळत, 25 बोगद्यांतून जात असे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे नेलं. हजारो मजूर साथींनी आणि अपघातांनी दगावले. 1863 मध्ये गाडी घाट चढली. सुरुंग लावणाऱ्या, दगड वाहणाऱ्या त्या माणसांची नावं आपल्याला कोणी सांगत नाही. पण त्या बोगद्यांतला अंधार त्यांच्याच हातांनी खोदलेला आहे.

घाट उतरताना खिडकीतून नीट बघा. मुख्य रुळांपासून एखादी वाट फुटून चक्क वर चढत जाते आणि तिथेच संपते. तिला कॅच साइडिंग म्हणतात. ब्रेक निकामी होऊन गाडी सुसाट सुटली, तर तिला या वाटेवर वळवतात. उणे चढावर आलेला सगळा वेग अधिक चढावर जिरतो आणि गाडी थांबते.

आणि हो, पुढच्या वेळी पुण्याकडे जाल तेव्हा 18-19 सेंटीमीटर लांबीचा एक पसरट, चौकोनी डबा सोबत ठेवा. कर्जतला वडे खाऊन झाले की डबा धुऊन त्यात बोटभर पाणी घाला आणि गाडीच्या दिशेने लांबट करून गाडीच्या सपाट जमिनीवर ठेवा. गाडी घाटाच्या सगळ्यात खड्या भागात थांबली, हलणं थांबलं, की पट्टी बुडवून दोन्ही टोकांना पाणी मोजा. वरच्या, लोणावळ्याकडच्या टोकापेक्षा खालच्या, कर्जतकडच्या टोकाला पाणी साधारण अर्धा सेंटीमीटर जास्त खोल असेल.