बाळाचे लंगोट आणि नाली उपसणारे हात

आपल्या हिंगोलीच्या वस्त्यांतही आता दुकानातला डायपर घरोघरी आला आहे. प्रवासात, रात्री त्याची सोय होते, हे आम्हीही मानतो. पण त्याला बाहेरून प्लास्टिक आणि आत पाणी शोषणारे रासायनिक दाणे असतात. नालीत फेकला की तो फुगतो, नाली तुंबते. पावसात तो वाहत कयाधूकडे जातो. आणि ती नाली उपसणारे हात बहुतेक वेळा आपल्याच माणसांचे असतात.

म्हणून दिवसा घरी जुन्या सुती साडीचे, धोतराचे लंगोट वापरा. शी आधी संडासात टाका. लंगोट साबणाने धुऊन स्वच्छ पाण्यात खळबळून काढा, कडक उन्हात वाळवा. साबण राहिला किंवा ओला लंगोट तसाच राहिला, तर बाळाची कातडी लाल होते. धुण्याचे काम एकट्या आईचे नाही, बापानेही हात लावावा.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा डायपर लागलाच तर तीन-चार तासांनी आणि शी होताच बदला. कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्या. घनकचरा व्यवस्थापन नियमांतही गुंडाळूनच द्यायला सांगितले आहे. लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर आशाताईंना दाखवा.