आठ लाखांची बीएमडब्ल्यू? आधी बोनेटला हात लावा!

रात्री रील बघत पडलेले असता. काळी चकचकीत बीएमडब्ल्यू, मागे पंजाबी गाणं आणि खाली किंमत, फक्त आठ लाख. एवढ्यात तर नवी हॅचबॅक येते! पहिली नोकरी लागली की हीच घ्यायची, असं ग्रुपवर टाकूनही होतं.

घ्या की. फक्त एक लक्षात ठेवा. गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही. 2013 ची 320डी नवी होती तेव्हा तीसेक लाखांच्या घरात होती. आज ती आठ लाखांना मिळेल, पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स आजही तीस लाखांच्या गाडीचाच आहे. तुम्ही किती दिलेत, याच्याशी पार्ट विकणाऱ्याला काय घेणंदेणं?

माझ्या एका मित्राने अशीच एक जर्मन सेदान घेतली, वडिलांच्या पीएफमधून. चार महिने ग्रुपवर फोटोच फोटो. मग गिअरबॉक्स गेला. सध्या गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे आणि साहेब बसने येतात. घरी तो विषय कुणी काढत नाही.

म्हणून बघायला जायच्या आधीच फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका.’ पोचलात की आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन घरी या, दुसऱ्या दिवशी परत जा. का? त्या काळातल्या 320डीच्या एन47 इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला असते. ती झिजते, हे तिचं जगभर माहीत असलेलं दुखणं. थंड इंजिन सुरू होताना मागून खरखर आली, तर सावध व्हा. गरम इंजिनात ती ऐकू येईलच असं नाही. चेन बदलायची तर गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. आणि चालताना तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग इंजिनच गेलं.

डिकीत स्टेपनी शोधू नका, बहुधा नसतेच. टायर रनफ्लॅट असतात, हवा गेली तरी ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर जातात. खड्ड्यात मात्र कंबर आठवण काढते. बॅटरी बदलली तरी गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, म्हणजे कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे काम होईलच असं नाही. आणि मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे नेता येतो. चॅसी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढायला सांगा. मालक टाळाटाळ करतोय? तेच उत्तर समजा.

नंबर डीएल ने सुरू होतोय? मग स्वस्ताईचं एक कारण सापडलं. दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने बंदी आणली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. त्यामुळे तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. पण इथे कायम चालवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आठ लाखांत हे धरलंय का, विचारा.

आता सगळ्यात बोअर आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट, इन्शुरन्स. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मेच पैसे मिळतात, गाडी दहा वर्षांवर गेली की पत्र्याचेही निम्मेच. म्हणजे बंपर फुटला तर अर्धं बिल तुमचं. त्यात दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. पार्ट्सचे भाव बघता तिथे पोचायला फार मोठा अपघात लागत नाही.

तरीही मन तिथेच अडकलंय? मग खिशात आठ असतील तर सहाची गाडी बघा आणि उरलेले दोन गॅरेजच्या नावाने बाजूला ठेवा. घ्यायच्या आधी जर्मन गाड्यांवर काम करणारा मेकॅनिक शोधा, स्कॅनर लावून बघायचे पैसे त्याला खुशाल द्या. आणि गाडी ताब्यात आली की चौदा दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला अर्ज टाका. फोटो नंतर.