वरचा मजला चढवण्याआधी

मुलाचं लग्न ठरलं की वर दोन खोल्या काढायचा विषय निघतोच. बहुतेक घरांतून पहिला फोन ठेकेदाराला जातो. खरं तर आधी कपाटातली घराची फाइल बाहेर काढायला हवी.

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली, तर डिसेंबर २०२० पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे. गिलावा, रंग, फरशी यांना परवानगी लागत नाही. गच्चीवर भिंती उठल्या, की मात्र १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा लागू होतो.

पहिला हिशेब एफएसआयचा. गावठाणाबाहेरच्या निवासी भागात मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ११० चौरस मीटर बांधकाम. तळमजल्यातच ७० गेले असतील, तर वर उरतात ४०. शुल्क भरून काही जादा क्षेत्र मिळतं, पण समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आणि प्रीमियम एफएसआय दोन्ही विसरायचे. जुन्या वस्त्यांतली बहुतेक घरं इथेच अडतात.

त्याहून मोठी अडचण खुद्द जुन्या घराची. नकाशात नवं काम लाल रंगात दाखवतात, पाडायचं काम पिवळ्या. त्या लाल खोल्या ज्याच्या डोक्यावर उभ्या राहणार, तो तळमजला मंजूर असल्याचा कागद आधी लागतो. घर ग्रामपंचायतीच्या काळात बांधलेलं आणि गाव नंतर महापालिकेत आलेलं असेल, तर हा कागद बऱ्याचदा सापडतच नाही. घरपट्टीची पावती पुढे करून भागत नाही. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर आधी नियमितीकरण. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली आहे.

आणि उताऱ्यावरची नावं! वडील गेल्यावर सगळ्या भावंडांची वारसनोंद झालेली असते. खर्च एकटा धाकटा करणार असला, तरी सासरी गेलेल्या बहिणीचीही संमती लागते. हे बोलणं आधी घरात व्हावं, महापालिकेच्या खिडकीसमोर नव्हे.

छोट्या प्लॉटधारकाला एक मोठा दिलासा आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमांत बसणारा नकाशा दाखल करून शुल्क भरलं, की त्याची पोच हीच परवानगी. ३०० पर्यंत १० दिवसांत मंजुरीची तरतूद आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर ही माहिती ठळक अक्षरांत लावलीच पाहिजे. ती माहीत नसल्यामुळे किती तरी माणसं विनापरवाना बांधून मोकळी होतात आणि पुढे नोटिशीच्या धाकात राहतात.

जुनं घर विटांच्या भिंतींवर पेललेलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीशिवाय स्लॅबचा विचारही करू नये. प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षाचं असतं. तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करून घ्यावं लागतं. बँकही कर्ज देताना मंजूर नकाशा मागते. तेव्हा तो हाती पडेपर्यंत सेंट्रिंगवाल्याला इसार देऊ नका.